आपल्या प्रयत्नाने आपण सुधारायचं म्हणजे नक्की काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोली, मंडणगड, खेड या बाजूची पोरं, त्यांचे आईबाप आणि गणपतीला आलेले चाकरमानी फिरून फिरून हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय. क्रमाने वाचायची काही गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

प्र. स्वप्रयत्न म्हणजे सगळं एकट्यानेच करायचं का?

छे हो. एकट्यानेच करायचं असतं तर शाळा कशाला आणि मास्तर कशाला. माझं म्हणणं एवढंच आहे की कुठल्याही कामात एक भाग असा असतो जो तुमच्या बदली दुसरं कोणी करू शकत नाही. पुस्तक कोणीतरी आणून देईल, फी मोठा भाऊ भरेल, एसटीचा पास बाबा काढून देतील, पण पान उलटून डोक्यात घालायचं ते तुम्हालाच. विहिरीत पोहायला शिकवणारा काका पाठीला डबा बांधून देतो, वर उभा राहून ओरडतो, कधी मागून ढकलून पण देतो, तरी हातपाय तुम्हीच मारायचे असतात ना. तो जो न टळणारा भाग आहे तो आधी ओळखायचा आणि नेमका तोच टाळायचा नाही. बाकीच्या भागात जेवढी मिळेल तेवढी मदत बिनधास्त घ्या, लाजू नका.

प्र. मुंबईच्या भावाने पैसे पाठवले आणि मी शिकलो, मग यात माझं कर्तृत्व काय?

हा प्रश्न कोकणातच पडू शकतो, कारण आमचा अर्धा मुलूख कित्येक पिढ्या मनीऑर्डरीवर चालला. गिरणीत एकजण राबायचा आणि गावात चार जणांची चूल पेटायची. त्यामुळे मी स्वतःच्या जिवावर वर आलो असं कोणी छाती फुगवून सांगायला लागला की मला आधी विचारावंसं वाटतं, बाबा रे, तुझी फी कुठल्या खोलीतून यायची?

पैसे भावाचे, खरंय. पण त्याच पैशात शिकायला गेलेला आणि दोन वर्षांत परत येऊन कट्ट्यावर बसलेला पोरगा पण प्रत्येक वाडीत एक तरी असतोच. तुमचं कर्तृत्व त्या फरकाएवढं आहे, त्याहून जास्त नाही आणि कमी पण नाही. भावाला एकदा फोन करून सांगा की तुझ्यामुळे झालं, त्याने तुमचं काही कमी होत नाही.

प्र. हे सेल्फ हेल्प वगैरे फॉरेनचं फॅड आहे ना?

नाव तिकडचं आहे हे खरं. सॅम्युएल स्माइल्स नावाचा स्कॉटिश माणूस, त्याचं सेल्फ हेल्प याच नावाचं पुस्तक १८५९ साली आलं आणि तुफान खपलं, जगभर भाषांतरं झाली. पण त्याची सुरुवात कुठून झाली ते फार कोणी सांगत नाही. इंग्लंडात लीड्स शहरात दोन-तीन गरीब तरुण हिवाळ्यात संध्याकाळी जमून एकमेकांना शिकवायला लागले, ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं, हळूहळू पोरं वाढली तशी जागा पुरेना, मग त्यांनी एक मोठी कळकट खोली भाड्याने घेतली जी आधी कॉलऱ्याच्या पेशंटसाठी वापरलेली होती म्हणून दुसरं कोणी घेत नव्हतं. या पोरांनी स्माइल्सला बोलायला बोलावलं आणि त्या भाषणांतून पुढे पुस्तक झालं. म्हणजे ज्या पुस्तकाने आपलं आपण करा हे जगाला सांगितलं त्याचा जन्मच मुळी एकमेकांना धरून बसलेल्या पोरांच्यात झाला. पुढे त्याच्या नावावरून लोकांनी ते स्वार्थाचं पुस्तक ठरवलं तेव्हा स्माइल्सने नंतरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याचा खुलासा पण केला.

आणि आपल्याकडे कोणी लीड्सची वाट बघत बसलं नव्हतं. मुरुडचे धोंडो केशव कर्वे घ्या. १८७५ साली परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, भर पावसाळ्यात, घाट चढून, आणि तिकडे पोचल्यावर साहेब म्हणाला तू वयाने लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. गोष्ट सांगणारे लोक त्या चालण्यावर थांबतात. मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. माणूस घरी परत आला आणि शिकत राहिला, मॅट्रिक झाला तो १८८१ साली म्हणजे तेविसाव्या वर्षी, आणि १८८४ ला बीए. आजच्या हिशोबाने पण उशीरच. नंतर १८९६ ला विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ ला बायकांचं विद्यापीठ. ज्याला एका दारातून परत पाठवलं होतं त्याने दुसऱ्यांसाठी दारं उघडली. हे पण स्वप्रयत्नातच धरायचं असं माझं मत आहे, कोणाला पटो न पटो.

प्र. म्हणजे जो गरीब राहिला त्याने प्रयत्न केले नाहीत असं म्हणायचंय का?

अजिबात नाही, आणि असं बोलणाऱ्याचा मला राग येतो. हा प्रश्न नीट घेऊया, कारण या विषयात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. प्रयत्नांच्या बाबतीत त्या माणसाच्या पुढे कोणाचं नाव घेणार? १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडन. एवढं शिकून १९१७ ला बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना, जिथे उतरले होते तिथून जात कळल्यावर लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. आता सांगा, यात त्यांचा कुठला प्रयत्न कमी पडला होता?

मग महाड बघा. मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ साली ठराव केला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, महाडच्या नगरपालिकेने पण चवदार तळं खुलं म्हणून जाहीर केलं, कागदावर सगळं झालं, तरी दलितांपैकी कोणाची तिथे जायची हिंमत होत नव्हती, कारण एकट्या माणसाने जाऊन पाणी घेतलं असतं तर त्याची हाडं मोडली असती. २० मार्च १९२७ ला हजारो माणसं एकत्र चालत गेली तेव्हा कुठे ओंजळभर पाणी प्यायली. त्यावर पण मारहाण झालीच आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

त्यामुळे काही गोष्टी एकट्याच्या कष्टाने हलत नाहीत, त्या बाहेरून बंद केलेल्या असतात, आणि तिथे दहा जणांना सोबत घेणं हाच प्रयत्न. एखाद्याची वाडी रस्त्यापासून चार किलोमीटर आत आहे, पावसात साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल वाहून जातो, नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते, त्याला तू पहाटे उठून मेडिटेशन कर असं सांगणं मला तरी जमत नाही. त्याने ग्रामसभेत उभं राहून साकवाबद्दल बोलणं हे त्याचं स्वतःला घडवणंच आहे.

प्र. नशीब आणि देव यांचं काय?

शिमग्यात पालखीपुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा सगळं गाव व्हय महाराजा म्हणतं, मी पण म्हणतो. पण गाऱ्हाण्यात बागेला मोहर मागितला म्हणून कोणी फवारणी सोडली असं मी तरी बघितलेलं नाही. देव आणि पंप दोन्ही चालू ठेवतात आपले लोक.

प्र. २१ दिवस केलं की सवय लागते हे खरं का?

नाही. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनमुळे पसरला. १९६० च्या त्याच्या पुस्तकात असं होतं की पेशंटला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस तरी लागतात. कमीत कमी हे शब्द रस्त्यात कुठेतरी गळले आणि राहिलं ते २१ दिवसांत आयुष्य बदला. नंतर लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर नीट अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, पण माणसामाणसात फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत. जेवणासोबत पाणी प्यायची सवय पटकन लागते, व्यायामाची रडतखडत.

त्याच अभ्यासातली कामाची गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. आपल्याकडे एक दिवस खाडा झाला की पोरं अख्खं टाइमटेबल फाडून सोमवारची वाट बघतात. बारशाला गेलात, खाडा झाला, ठीक आहे, दुसऱ्या दिवशी बसा.

प्र. पहाटे पाचला उठणं कंपलसरी आहे का?

हर्णैच्या खलाशाला विचारा. तो रात्रभर जाळ्यावर राबून आलेला असतो, पाचला उठ म्हटलं तर शिवी घालेल.

प्र. पन्नाशी आली, आता काय शिकणार?

आमच्या ओळखीतल्या एक काकू पन्नाशीनंतर स्कूटी शिकल्या. नवरा मुंबईला, मुलगी पुण्याला, बाजारात जायचं तर रिक्षावाल्याच्या मर्जीवर, शेवटी वैतागून शिकायचं ठरवलं. शिकायला जागा म्हणजे समुद्रावरची ओली कडक वाळू, आमच्याकडे निम्मी जनता तिथेच गाडी शिकते कारण पडलं तरी खरचटत नाही. पण ती वाळू मिळते ओहोटीलाच आणि ओहोटी काही रोज एका टायमाला येत नाही. इथे जुना हिशोब आहे, तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता भरती, तर ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास, पंचमीला तेच पावणेचार आणि पावणेदहा, असं रोज पाऊण तास पुढे सरकत जातं. काकूंनी घड्याळाचा नाद सोडला, कालनिर्णय बघून ओहोटी लागली की निघायचं एवढंच ठरवलं, मग भाजी चिरायची राहिली असली तरी. सुरुवातीला भाचा मागे कॅरियर धरून पळायचा, पोरं बघून हसायची, एकदा गाडी सरळ लाटेत गेली आणि काकू साडीसकट बसल्या पाण्यात. आता बाजार, बँक, दवाखाना सगळं स्वतः करतात, आणि हसणाऱ्या पोरांपैकी एकाच्या आईला त्यांनीच मागे बसवून शिकवलं.

यात शिकण्यासारखं वयापेक्षा ते ओहोटीचं गणित आहे. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, त्याचं सार असं की मी रोज करीन असं मोघम ठरवण्यापेक्षा अमुक झालं की तमुक करीन असं ठरवलं तर काम होण्याची शक्यता वाढते. दिवाबत्ती झाली की वही उघडायची. गाईचं दूध काढून झालं की सूर्यनमस्कार. कोकणातला दिवस पावसावर आणि लाइटीवर चालतो, तिथे सकाळी ७.१५ ते ८.०० गणित असलं टाइमटेबल आठवडाभर पण टिकत नाही.

प्र. दहा हजार तास केले की कोणीही मास्टर होतो म्हणतात?

तेवढ्याने होत असतं तर तीस वर्षं गाडी चालवणारा प्रत्येकजण रेसिंगला गेला असता. अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यातून हा आकडा आला. ती त्यातल्या उत्तम विद्यार्थ्यांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, त्यात काहींचे तास बरेच कमी पण होते, आणि एरिक्सनचा भर तासांवर नव्हताच. नेमकं कुठे अडतंय ते पकडून तेवढंच सुधारत राहायचं, शक्यतो जाणकाराच्या नजरेखाली, हा त्याचा मुद्दा.

हे मी नर्सरीत बघितलंय. पावसात पाचर कलमाचं काम जोरात असतं. रायवळ आंब्याच्या कोयीचं रोप असतं, त्याचा शेंडा छाटायचा, मधोमध खाच द्यायची, हापूसची काडी खालून पाचरीसारखी तासायची, खाचेत बसवायची आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. बघायला दोन मिनिटांचं काम. दोन पोरं एकाच वेळी लागली होती. पहिला भराभर बांधायचा, दिवसाला ढीग घालायचा, मेलेली रोपं बाजूला फेकायचा. दुसरा हळू, पण प्रत्येक मेलेल्या कलमाची पट्टी सोडून बघायचा. एका काडीवर चाकू दोनदा चालला होता म्हणून काप खडबडीत झालेला, दुसरीत सालीखालचा हिरवा थर कुठल्याच बाजूला जुळलेला नव्हता, तिसरीत पट्टी सैल राहून पाणी शिरलेलं. मग जाऊन मुकादमाला विचारायचा, हे असं का झालं. सीझन संपेपर्यंत दुसऱ्याची रोपं फुटायला लागली होती आणि पहिल्याला मालकाने माती भरायला घातलं. तास दोघांचे सारखेच होते.

प्र. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघितले तर चालेल का?

बघा की. फक्त बघून झाल्यावर काय केलं ते स्वतःला विचारा. उत्तर जर अजून एक व्हिडिओ बघितला असं असेल तर ती करमणूक आहे, आणि करमणूक म्हणून दशावतार जास्त चांगला.

प्र. गावात राहून काही होतं का, की मुंबईच गाठायला लागते?

काम कुठलं करायचंय त्यावर आहे. सिनेमात किंवा शेअर बाजारात जायचं तर मुंबई गाठा, उगाच गावाच्या प्रेमाची भाषणं ऐकू नका. पण गावात काहीच नाही हे पण खोटं. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या जाती आज किनाराभर लागल्यात, तारकर्लीला स्कुबा डायव्हिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. आणि आमच्याच पोरांना हे माहीत नसतं, कारण नववीपासून कानावर एकच पडतं की बारावी झाली की बॅग भरायची. शिकायला बाहेर जा, जरूर जा, पण आधी एकदा वीस किलोमीटरच्या आत काय शिकायला मिळतं ते फिरून बघा.

प्र. स्पर्धा परीक्षेचा चौथा अटेम्प्ट चालू आहे. प्रयत्न सोडू नये म्हणतात, मग अजून किती वर्षं?

प्रयत्नांती परमेश्वर हे भिंतीवर लिहायला सोपं आहे. पण जागा दोनशे आणि फॉर्म लाखात असतील तर तुम्ही कितीही अभ्यास केलात तरी जागा दोनशेच्या दोनशे एक होत नाहीत. अभ्यास तुमच्या हातात, जागा नाहीत, भरतीची तारीख नाही, पेपर पुढे ढकलला तर ते पण नाही. हे उलट बोलल्यासारखं वाटेल पण मी पोरांना सांगतो की थांबायची तारीख आधी ठरवा, म्हणजे अटेम्प्ट सुरू करतानाच. निकालाच्या दिवशी ठरवायला गेलात तर कधीच ठरणार नाही, कारण एक-दोन मार्कांनी हुकलेल्या माणसाला अजून एकदा हे शब्द ऐकू यायला लागतात. आणि ती तारीख घरात एकाला सांगून ठेवा, आईला नको, ती हो म्हणेल पण नंतर रडेल, दादाला किंवा मित्राला सांगा.

दुसरं म्हणजे तयारी करताना पोटापुरतं मिळेल असं एक काम सोबत चालू असू द्या, मग ट्यूशन घ्या, झेरॉक्सचं दुकान सांभाळा, सीझनला आंब्याच्या पेट्या भरा. काहीजण म्हणतात त्याने लक्ष विचलित होतं. होतं थोडं. पण तिशीला हातात नुसती मार्कशीट घेऊन बाहेर पडणं त्याहून वाईट, मी ते जवळून बघतो आणि बघवत नाही. ठरवलेल्या तारखेला थांबलेल्या पोराला कोणी हरला म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

प्र. सगळं कळतं पण अंगच उचलत नाही. आळशी आहे का मी?

असू शकाल, सगळेच असतात थोडेफार. पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल किंवा झोपूनच राहावंसं वाटत असेल, आधी आवडायचं त्यात पण मन लागत नसेल, जेवण जात नसेल, जगून काय करायचं असले विचार येत असतील तर तो आळस नाही, ते दुखणं आहे, आणि तिथे जोर लाव, मन घट्ट कर वगैरे सांगणाऱ्याचं ऐकू नका. डॉक्टरकडे जा. सरकारची टेली मानस नावाची फुकट हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतून बोलता येतं. तिथे फोन लावणं हा त्या दिवसापुरता पुरेसा प्रयत्न आहे. रक्त पण तपासून घ्या, बऱ्याच बायकांना आळशी म्हणून बोलणी बसतात आणि निघतं हिमोग्लोबिन कमी किंवा थायरॉईड.

प्र. घरचे, वाडीतले लोक हसतात, टोमणे मारतात.

मारणार. गावात दुसरं काम काय असतं चार महिने पावसात. निम्मे विसरून जातात, निम्मे पुढे स्वतःच विचारायला येतात की आमच्या पोराला पण जरा सांग. उत्तर देत बसू नका, आणि काय करणार आहात त्याचा गाजावाजा आधीच करू नका, व्हॉट्सअपच्या स्टेटसला तर नकोच.

प्र. सुधारणा होतेय की नाही हे कळणार कसं?

एक साधी दोनशे पानी वही घ्या. रोज एक ओळ, तारीख, काय केलं आणि कुठे अडलं. आज छान वाटलं असलं काही लिहू नका, त्याचा नंतर उपयोग होत नाही. तिसऱ्या गणिताला अडलो, सूत्र आठवलं पण चिन्ह चुकलं, असं लिहा. महिन्याने मागची पानं काढा. तेच चिन्ह अजून चुकत असेल तर कोणाला तरी विचारायची वेळ आली, आणि अडण्याची जागा बदलली असेल तर तुम्ही पुढे सरकलाय. वही फोनमध्ये केली तर चालेल का असं पण विचारतात. चालेल, पण फोन उघडल्यावर तुम्ही आधी वहीच उघडता का ते तुम्हालाच माहीत.